स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची स्मृती : बाइटकोडच्या तपासणीतील कळीचा प्रश्न

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. या परिसरातील आदिवासी कुटुंबांच्या दृष्टीने जातीचा दाखला हा अत्यंत मोलाचा कागद होय. शिष्यवृत्ती असो वा नोकरी, तो दाखवावा लागतो आणि तो खरा असल्याची खात्रीही पटवून द्यावी लागते. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे, २०२२ साली असे सुमारे ६५ हजार दाखले 'पॉलिगॉन' या ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. एकदा केलेली नोंद कोणालाही गुपचूप बदलता येऊ नये, हा त्यामागील विचार.

मात्र नोंद अढळ असली, तरी ब्लॉकचेनवरील नोंदी हाताळणारी आज्ञावली निर्दोष असेलच असे नाही. या आज्ञावलीस 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. ती एकदा ब्लॉकचेनवर बसविली की तिच्यातील चूक दुरुस्त करणे सोपे राहत नाही. म्हणून तिची तपासणी आधीच करावी लागते आणि या तपासणीतील सर्वांत किचकट भाग आहे तो यंत्राच्या स्मृतीचे नेमके प्रतिरूप उभे करण्याचा.

तीन कप्पे

इथेरियम हे ब्लॉकचेनचे जाळे जुलै २०१५ मध्ये सुरू झाले. त्यातील प्रत्येक संगणक एकच 'आभासी यंत्र' चालवितो. पॉलिगॉननेही हेच यंत्र स्वीकारले आहे. प्रोग्रॅमर 'सॉलिडिटी'सारख्या भाषेत करार लिहितो, कंपायलर त्याचे बाइटकोडमध्ये, म्हणजे केवळ आकड्यांच्या ओळीत, रूपांतर करतो आणि यंत्र तेवढेच वाचते. ब्लॉकचेनवरील अनेक करारांचा मूळ मजकूर उपलब्ध नसतो. तपासनिसाच्या हाती फक्त बाइटकोड असतो.

या यंत्रात माहिती ठेवण्याच्या मुख्य जागा तीन. पहिली 'स्टॅक'. येथे ३२ बाइटचे आकडे एकावर एक रचले जातात आणि त्यांची कमाल संख्या १,०२४ असते. दुसरी 'स्टोअरेज', म्हणजे कराराची कायमची वही. तिसरी 'मेमरी', म्हणजे शाळकरी मुलाची पाटी. प्रत्येक कॉलच्या आरंभी ती कोरी असते आणि काम संपताच पुसली जाते.

पाटी वापरण्यास 'गॅस' या एककात शुल्क पडते. प्रत्येक ३२ बाइटच्या शब्दामागे ३ एकके, शिवाय शब्दसंख्येच्या वर्गाला ५१२ ने भागून येणारी रक्कम. त्यामुळे एक किलोबाइट मेमरीस ९८ एकके लागतात, तर एक मेगाबाइटला २१ लाख ९५ हजारांहून अधिक. परिणामी फार मोठे पत्ते व्यवहारात वापरलेच जात नाहीत. तपासनिसाला याचा फायदा होतो, कारण अशा पत्त्यांच्या शक्यता त्याला प्रथमच वगळता येतात.

अडचण कोठे येते?

बाइटकोडमधील मेमरीला नावे नसतात, प्रकार नसतात. येथे रक्कम आहे की पत्ता, हे कोठेही लिहिलेले नसते. त्यातच लेखन एकमेकांवर चढू शकते. समजा, शून्याव्या स्थानी ३२ बाइट लिहिले आणि नंतर सोळाव्या स्थानी आणखी ३२ लिहिले. आता शून्यापासून वाचल्यास अर्धा भाग पहिल्या आकड्याचा आणि अर्धा दुसऱ्याचा मिळतो. मेमरी म्हणजे ३२ बाइटच्या सुट्या डब्यांची रांग, असे गृहीत धरणारे प्रतिरूप येथे सपशेल चुकते. एकेक बाइट वेगळा मानला तर उत्तर अचूक येते. पण प्रत्येक आकड्याचे ३२ तुकडे होतात आणि गणित फुगत जाते. म्हणून काही तपासणी-प्रणाली लेखनांची क्रमवार यादी ठेवतात आणि वाचनाच्या वेळी शेवटच्या लेखनापासून मागे शोध घेतात.

खरी कसोटी लागते ती पत्ताच अज्ञात असल्यास. प्रत्यक्ष आकड्यांऐवजी 'क्ष'सारखी चिन्हे धरून आज्ञावली चालवून पाहण्याच्या पद्धतीस 'सिम्बॉलिक एक्झिक्युशन' म्हणतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली मांडलेली 'ओयेंटे' ही प्रणाली याच पद्धतीची. वापरणाऱ्याने पाठविलेल्या मजकुराच्या लांबीवरून पुढचा पत्ता ठरत असेल, तर तो पत्ताही 'क्ष'च्या रूपात येतो. मग प्रत्येक शक्यतेसाठी वेगळी वाट धरावी, तर वाटांची संख्या आवरत नाही. पत्ता एकच मानून चालावे, तर चूक नजरेतून निसटते. मेमरीत काहीही असू शकेल असे धरावे, तर निर्दोष करारावरही संशयाचा शिक्का बसतो. अचूकता आणि वेग यांचा हा व्यवहार प्रत्येक प्रणालीला करावाच लागतो.

सॉलिडिटीचा एक संकेत येथे उपयोगी पडतो. मेमरीचे पहिले ६४ बाइट तात्पुरत्या कामासाठी असतात, पुढील ३२ बाइटमध्ये मोकळी जागा कोठून सुरू होते याचा निर्देश असतो, त्यापुढील ३२ शून्य राखले जातात आणि १२८व्या स्थानापासून नवी माहिती लिहिली जाते. पण हा कंपायलरचा शिरस्ता आहे, यंत्राचा नियम नव्हे. हाताने लिहिलेली आज्ञावली तो मोडू शकते.

पाटीवरून वहीकडे

मेमरी क्षणभंगुर असेल, तर तिची एवढी चिंता कशाला? याचे उत्तर स्टोअरेजच्या रचनेत आहे. खातेदारांच्या नोंदींची यादी ठेवताना करार त्या व्यक्तीचा पत्ता आणि यादीचा क्रमांक मेमरीच्या पहिल्या ६४ बाइटमध्ये शेजारीशेजारी लिहितो. त्यांचा 'केचॅक-२५६' पद्धतीने सांख्यिक ठसा काढला जातो आणि तो ठसा हाच वहीतील पानाचा क्रमांक ठरतो. मेमरीचे प्रतिरूप चुकले तर नोंद नेमकी कोणाच्या पानावर पडली, हे तपासनिसाला कळणारच नाही.

प्रत्यक्षात घडलेले

अशी चूक खुद्द कंपायलरकडूनही झाली आहे. सॉलिडिटीच्या ०.८.१३ आणि ०.८.१४ या आवृत्त्यांत, मेमरीत लिहिलेली पण त्याच असेम्ब्ली भागात पुन्हा न वाचलेली माहिती निरुपयोगी समजून ते लेखनच गाळले जाण्याची शक्यता होती. पुढचा भाग ती माहिती वाचत असे, याचा विचार राहून गेला होता. 'सर्टोरा' या संस्थेच्या अभियंत्याने जून २०२२ मध्ये ही त्रुटी कळविली आणि ०.८.१५ आवृत्तीत ती दूर झाली.

स्टोअरेजकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारावर १८ जुलै २०२४ रोजी झालेल्या हल्ल्याने दाखवून दिले. अनेक सह्यांनी चालणाऱ्या तिच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता पळविण्यात आली. यात 'डेलिगेट कॉल' ही सोय वापरली गेली. या सोयीत आज्ञावली दुसऱ्याची चालते, पण वही मात्र बोलावणाऱ्याची वापरली जाते. वॉलेटच्या वहीतील शून्याव्या पानावर, कोणती आज्ञावली चालवावी याचा पत्ता असतो. तोच बदलला गेला आणि वॉलेटचा ताबा हल्लेखोरांकडे गेला. सही करण्यापूर्वी कोणते पान बदलणार आहे, हे बाइटकोड चालवून पाहिल्यास दिसू शकते.

दाखला असो वा ठेव, ब्लॉकचेनवरील विश्वास अखेर या आकड्यांच्या ओळीवर उभा असतो. तिची स्मृती वाचता आली, तरच त्या विश्वासाची पारख करता येईल.