चिखलदरा ते केडगाव : स्त्रियांच्या एका प्रार्थनासभेचा इतिहास

चिखलदऱ्याचे नाव काढले की वऱ्हाडी माणसास प्रथम कीचक आठवतो. भीमाने त्याचा वध करून ज्या दरीत त्याला लोटले ती कीचकदरा, आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले, असे लोक सांगतात. इतिहासाचा विद्यार्थी असेल तर तो गाविलगडाकडे बोट दाखवील. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने तो गड घेतला आणि लगेच देवगावच्या तहाने भोसल्यांचे वऱ्हाड हातचे गेले. उन्हाळ्यात हवा पालटण्यासाठी येणारा पाहुणा कॉफीच्या झाडांचे कौतुक करील आणि १८२३ साली हैदराबादच्या पलटणीतील एका इंग्रज कप्तानाने हे ठिकाण हेरले, ही माहिती सांगेल. या तिन्ही गोष्टी अनेकदा सांगून झाल्या आहेत. आज आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत ती त्यामानाने कमी सांगितली गेली आहे.

चिखलदऱ्याच्या शेजारी मरियमपूर नावाचे एक खेडे आहे. येशूच्या आईचे नाव सातपुड्याच्या माथ्यावर येऊन बसावे, यातच एका इतिहासाची खूण आहे. कॅथॉलिक पाद्री या डोंगरात आले, तसे प्रॉटेस्टंटही आले. आल्बर्ट नॉर्टन नावाचा एक अमेरिकन मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, बाजूस कोरकूंमध्ये काम करीत होता. त्याच सुमारास 'कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन' ही संस्था येथे उभी राहिली. तिच्या जॉन ड्रेक या मिशनऱ्याने कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले आणि ते १९०३ साली कलकत्त्यास छापले गेले. अचलपूरजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांची वसाहतही या मिशनने चालविली. ज्या भाषेला कचेरीत कोणी विचारीत नव्हते तिचे व्याकरण, आणि ज्या रोग्याला वेशीच्या आत कोणी घेत नव्हते त्याच्या जखमेवर पट्टी, या दोन कामांवरून या मंडळींची रीत ध्यानात येते.

परंतु आमचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे. या परक्या वाटेने आलेल्या धर्माने, जिचे सर्वस्व गेले आहे अशा बाईला नेमके काय दिले? धीर दिला, आशा दिली, असे म्हणणे सोपे आहे. पण आशा ही काय वस्तू आहे, ती कशी देतात, आणि ती देताना मोबदल्यात काय घेतात, हे तपासल्याशिवाय इतिहासकाराची सुटका नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांला चिखलदऱ्याचा घाट उतरून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावपर्यंत जावे लागते. ही वाट दुष्काळाने पाडलेली आहे, आणि तिच्यावरून आधी दुष्काळग्रस्त गेले आहेत.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ तीन वर्षांच्या अंतराने आले. वऱ्हाडाची लोकसंख्या १८९१ च्या गणतीत सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती २७ लाख ५४ हजार भरली. जी वाढायला हवी होती ती दहा वर्षांत दीड लाखाच्या आसपास घटली. काळ्या कसदार मातीच्या, कपाशीने पैसा पाहिलेल्या मुलखाची ही गत. मग सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रांतात, १८९६ पासूनच काय हाहाकार उडाला असेल याची कल्पना करावी. दुष्काळाचा घाला सर्वांवर सारखा पडत नाही. घरात जेवायला शेवटी बसणारी बाई उपासाला मात्र पहिली बसते. विधवेला सासर नको असते आणि माहेराला ती परवडत नाही. आईबाप गेलेल्या तरुण मुलीच्या मागे दलाल लागतात. सरकारने गरीबखाने उघडले होते, परंतु तेथेही मुलींची अब्रू सुरक्षित नव्हती.

हे सारे डोळ्यांनी पाहण्यासाठी एक मराठी बाई त्या वेळी मध्य प्रांतात गेली. तिचे वय अडतीस वर्षांचे होते. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंना दुष्काळ कोणी शिकवावा लागला नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना आपल्याच लोकांत उत्तर द्यावे लागले. गंगामूळच्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला आणि पुढचे सगळे बालपण तीर्थाटनात गेले. हे कुटुंब गावोगाव पुराण सांगे आणि श्रोत्यांच्या दक्षिणेवर पोट भरी. दक्षिणेतील दुष्काळात १८७४ साली आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिघे पाठोपाठ गेली. उरलेली बहीणभावंडे पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचली. तेथे १८७८ साली विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षेही होत नाहीत तोच १८८२ साली पटकीने नवराही गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अशी ही बाई उपाशी मुलींपुढे उभी राहिली, ती उपकारकर्ती म्हणून उभी राहिली असे आम्हांला वाटत नाही. त्या मुलींत तिला तिची सोळा वर्षांची रमा दिसत असली पाहिजे.

त्या फेरीत सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता. एवढ्या मंडळींना शहरात ठेवण्याची सोय नव्हती. केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर माळरान आधीच घेऊन ठेवले होते, तेथे राहुट्या आणि झोपड्या उठल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी 'मुक्ती'च्या पक्क्या वास्तूचे समर्पण झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या आणि वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. याच सुमारास आमच्या सातपुड्यात काम केलेले नॉर्टनसाहेब शेजारी दौंडला आले आणि त्यांनी दुष्काळातील अनाथ मुलगे सांभाळण्यास प्रारंभ केला. मेळघाट आणि केडगाव यांची गाठ अशी पडली.

आता धीर कसा दिला ते पाहू. प्रथम अन्न दिले, तेही बेताने, कारण उपाशी आतड्याला भरपेट जेवण सोसत नाही. नंतर न्हाऊ घातले, जखमा धुतल्या, लुगडे दिले. पुढे अक्षरे आली. आणि अक्षरांच्या जोडीला काम आले: माग, तेलाचा घाणा, गोठा, शिवण, शेती आणि छापखाना. आंधळ्या बायकांना बोटांनी वाचण्याची लिपी शिकविली; ती विद्या रमाबाईंची कन्या मनोरमा अमेरिकेतून शिकून आली होती. ज्यांना समाजाने पतित म्हटले त्यांच्यासाठी 'कृपासदन' निराळे काढले. शुभकार्यात जिचे तोंड पाहू नये असा दंडक होता, ती विधवा छापखान्यात खिळे जुळवू लागली. जी कालपर्यंत कोणाच्या तरी घरची ओझे होती, तिच्या हातचे कापड आता दुसरीच्या अंगावर दिसू लागले. मनाची जखम भरून येण्याची सुरुवात येथे आहे. उपदेशाचा नंबर यानंतर लागतो.

तरीही पोटाला अन्न आणि हाताला काम मिळाले म्हणजे माणूस बरा होतो असे नाही. ज्या मुलीने वाटेत आईला मरताना पाहिले आणि तिला तेथेच टाकून पुढे पाऊल उचलले, तिच्या मनात जे गोठून बसते ते माग चालवून सुटत नाही. हे जाणूनच की काय, रमाबाईंनी प्रार्थनासभेला एवढे महत्त्व दिले. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोज एकत्र जमून प्रार्थना करण्यासाठी आपण होऊन पुढे येणाऱ्या बायका मागितल्या. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली. आणि जूनच्या अखेरीस त्या सभांना असा काही भर आला की, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी हमसून रडत होती, कोणी आपल्या अपराधांचा पाढा वाचत होती, कोणी आनंदाने टाळ्या पिटत होती. नॉर्टननेही हे जवळून पाहिले आणि त्याविषयी लिहिले. परदेशच्या ख्रिस्ती जगात केडगावचे नाव झाले ते या सभांमुळे. पुष्कळांना ही देवाची करणी वाटली. काही मिशनऱ्यांना हा गोंधळ पसंत पडला नाही. रमाबाईंनी तो दडपला नाही. आपल्या देशातील माणसांनी आपल्या रीतीने देवाला हाक मारावी, तिला विलायती शिस्तीचा साचा नको, अशी त्यांची भूमिका होती.

श्रद्धाळूंचे म्हणणे त्यांच्यापाशी राहू द्या. इतिहासाच्या बाजूने आम्हांला या सभेत एक गोष्ट दिसते. आमच्या घरांतील बाईचे दुःख आजवर कोठे बोलत होते? जात्यापाशी, पहाटेच्या अंधारात, ओवीत. ते फार सुंदर बोलत होते, पण ऐकायला जाते होते, फार तर शेजारी बसलेली जाऊ होती. कीर्तनात आणि पुराणात बाई श्रोती होती, वक्ती नव्हती. पुराण सांगत वाढलेल्या रमाबाईंना हा भेद कोणी समजावून द्यायला नको होता. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या परिषदेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. बाईच्या आवाजाला मोठे होण्याची संधीच तुम्ही दिली नाही, मग तो बारीक आहे याचे नवल कशाला, अशा अर्थाचे त्या सुनावून गेल्या, असे सांगतात. केडगावच्या मांडवात हजारो वर्षांचा तो बारीक आवाज एकदम मोठा झाला. आपले दुःख आपल्या भाषेत, आपल्यासारख्याच चारजणींच्या देखत, दिवसाच्या उजेडात सांगता येते, आणि सांगितल्यावर कोणी हाकलून देत नाही, हा अनुभव त्या मुलींना जन्मात प्रथम आला. आमच्या मते आशा म्हणतात ती हीच.

आता दुसरी बाजू. ती लपविणे आम्हांला मान्य नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले, आणि तेथील काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत असे दिसताच १८९३ साली मोठे वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप वावगा होता असे म्हणता येत नाही. उपाशी, अनाथ मुलीने स्वीकारलेला धर्म पूर्णपणे तिच्या मर्जीचा कसा मानावा? भाकरी देणाऱ्याचा देव तिला खरा वाटणारच. शिवाय केडगावास गेलेली मुलगी बहुधा आपल्या गावाला आणि जातगोतास कायमची अंतरली. हा तोटा लहान नाही.

परंतु याच तराजूत दुसऱ्या पारड्यात काही गोष्टी टाकल्या पाहिजेत. ज्या गावाला ती अंतरली त्या गावाने तिला आधीच रस्त्यावर सोडले होते. वाँटेजच्या गुरुजनांशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्यांनी धर्मगुरूंचा अधिकार डोळे मिटून मानण्यास साफ नकार दिला. अखेरपर्यंत त्या शाकाहारी राहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले ते साध्या बायकांना समजावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले त्याच्या थोडे आधी ते हातावेगळे झाले आणि १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात तेथल्या बायकांनी ते छापले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या कामाचा गुण ख्रिस्ती कुंपणाच्या आत राहिला नाही. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाली. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याच्या माळावर वाढला. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांचे सेवासदन उभे राहिले. ज्यांना केडगावचा देव नको होता त्यांनीही केडगावचा धडा घेतला. धर्मांतराच्या भीतीने का होईना, हिंदू समाजाला आपल्या लेकींकडे पाहावे लागले, हेही काही थोडे झाले नाही.

येथून आम्ही पुन्हा सातपुडा चढतो. १९९३ साली मेळघाटातील कुपोषणाच्या आणि बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा त्या बाळांच्या आया काय म्हणतात हे किती जणांनी विचारले? समित्या आल्या, आकडे आले, तांदूळ आला. हे सर्व हवेच होते. केडगावासही आधी अन्नच आले होते. पण तेथे अन्नामागून कान आला. मेळघाटातील कोरकू बाई आपले दुःख कोरकूत सांगते, आणि तिची भाषा कळणारा माणूस कचेरीत आजही क्वचितच भेटतो. व्याकरण छापून एक शतक उलटून गेले तरी ही स्थिती आहे.

बायकांची सभा चर्चमध्ये भरो, देवळाच्या ओसरीत भरो की ग्रामपंचायतीच्या चावडीवर भरो, तिची कसोटी एकच आहे, आणि ती केडगावच्या त्या अनाथ मुलींनी आपल्याला घालून दिली आहे. सभा उठण्याच्या आत, जी सर्वांत मागे, खांबाला टेकून, पदर तोंडाशी धरून बसली आहे, ती बोलली काय? ती बोलली असेल तर त्या सभेत आशा होती असे खुशाल समजावे.