पोटखराब

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांनी एकदा पाट्यांवरची झाडं मोजून बघावीत. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. चिंचवडमध्ये तर चिंच आणि वड एकाच नावात. तळेगाव एमआयडीसीच्या बाजूला गेलात तर आंबी आणि नवलाख उंबरे. गावांच्या नावांची व्युत्पत्ती दर वेळी दिसते तेवढी सरळ नसते, हे मान्य. पण ही नावं पडली तेव्हा इथल्या माणसांना जागा ओळखायला झाडं पुरत होती, एवढं नक्की. आज आपण 'डी-मार्टच्या पुढचा सिग्नल' म्हणतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इतिहासात नाही. पण गेलं वर्षभर एका प्रश्नाने माझे शनिवार खाल्ले आहेत. या पट्ट्यात मूळचं, कुणी न लावलेलं जंगल कुठे शिल्लक आहे? आणि ते का शिल्लक आहे?

दापुरीचा डॉक्टर

गोष्ट दापोडीपासून सुरू करावी लागते. तीच दापोडी, जिथे एसटीचं वर्कशॉप आहे. इंग्रजांच्या कागदांत तिचं नाव दापुरी. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये इथे सरकारी वनस्पती-बाग काढली. १८३८ मध्ये ती अलेक्झांडर गिब्सनच्या हाती आली. हा ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर. त्याने एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून झाडांची शंभरावर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. चित्रं राहिली, चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे तो १८४० च्या दशकातच कोकणातल्या उदाहरणांवरून सरकारला लिहून कळवत होता. म्हणजे 'जंगल तोडलं तर पाणी जाईल' हे वाक्य आपल्याकडच्या सरकारी फायलीत पावणेदोनशे वर्षांपासून आहे.

फाइल एकीकडे आणि रेल्वे दुसरीकडे. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई-पुणे रूळ जोडले गेले. रुळांखाली घालायला स्लीपर हवेत, इंजिनाला सरपण हवं, वाढत्या शहरांना कोळसा हवा. १८६५ मध्ये पहिला भारतीय वन कायदा आला, १८७८ मध्ये दुसरा आणि जास्त कडक. जंगल 'राखीव' झालं, म्हणजे मुख्यतः सरकारसाठी राखीव. गावाचा हात तिथून निघाला. योगायोग असा, की दापुरीची बाग बंद पडली तेही १८६५ सालीच.

देवाची राई

या सगळ्यातून जे वाचलं, ते बहुतेक देवाच्या नावावर होतं. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर, आंबेगाव, जुन्नर... सह्याद्रीच्या कडेने जा, गावाबाहेर, बहुधा झऱ्याच्या तोंडाशी, अचानक एक गडद हिरवा ठिपका दिसतो. ती देवराई. कुठे अर्ध्या एकराची, कुठे पंचवीस-तीस एकरांची. आत शेंदूर लावलेला तांदळा: काळूबाई, वाघजाई, भैरोबा, म्हसोबा. नियम गावागणिक बदलतात, पण गाभा एकच. जिवंत फांदीला कोयता लावायचा नाही. काही ठिकाणी तर पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, ते जागेवरच कुजू द्यायचं.

हे नियम किती जुने? दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहून मावळातली ही देवीस्थानं पायी हिंडले. 'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की कार्ले-बेडसे लेण्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटा आणि या देवींची ठाणी यांचं नातं आहे, आणि यातल्या कित्येक देवी नांगराच्या आधीच्या माणसांच्या आहेत. म्हणजे शेती यायच्या आधी जे सगळीकडे होतं, त्याचे हे उरलेले तुकडे.

त्यांच्याकडे शास्त्राच्या नजरेने बघितलं ते पुण्याच्याच दोघांनी. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. १९७० च्या दशकात ते गावोगाव फिरून देवरायांची नोंद करत होते. पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा इंग्रजी लेख १९७६ मध्ये 'इकॉनॉमिक बॉटनी'त आला. आजूबाजूच्या डोंगरावर सापडत नाहीत अशी झाडं आणि वेली देवराईत टिकून आहेत, हे त्यांनी दाखवलं. आंबेगाव तालुक्यात आहुप्याच्या राईत गारंबीचे अजगरासारखे वेल आहेत. पवन मावळात अजिवलीला भेरली माड आहेत, आणि त्यांची माडी काढायची तिथे जुनी रीत आहे. म्हणजे 'हात लावायचा नाही' हा नियमही सरसकट नव्हता. काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे गाव ठरवत होतं.

इंग्लंडमध्ये अशा जुन्या रानांची व्याख्याच केलेली आहे. जिथे १६०० सालापासून सलग जंगल आहे, ते 'प्राचीन रान'. ती टिकली ती मात्र उलट्या कारणाने. लोक ठरावीक वर्षांनी झाडं बुंध्यापासून छाटत, फुटवे येऊ देत, पुन्हा छाटत. वापर होता म्हणून रान होतं. आपल्याकडे भीती होती म्हणून रान होतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: रान कुणाचं आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सातबारा

मावळातल्या एका छोट्या देवराईत मी तीनदा गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक रील व्हायरल झालं की दोन महिन्यांत तिथे चिप्सची पाकिटं येतात.

एप्रिलच्या दुपारी उघड्या डोंगरावरून आत पाऊल टाकलं की आधी कान बदलतात. हायवेची घरघर थांबते. पायाखाली पाचोळा इतका जाड, की पाऊल रुतावं. अंजनी, जांभूळ, हिरडा, बेहडा, आणि एक आंबा, ज्याला तीन माणसांची मिठी पुरत नाही. खालच्या अंगाला झरा. बोटाएवढी धार, पण एप्रिलमध्ये.

देवीला दिवा लावणारी आजी म्हणाली, "पोरा, चपला तिकडं काढ. आन् हितलं पानबी नेऊ नको, आई मागं येती." मी विचारलं, आता कोण बघतं हे सगळं? "माझा नातू बघायचा. त्यो आता चाकणला हाय, कंपनीत. कंत्राटावर. सुट्टी मिळंल तवा यायचं."

गट नंबर तिच्या मुलाने सांगितला. मी तिथेच सातबारा फोनवर काढला. मालकांच्या रकान्यात वारसांची लांबलचक यादी. आणि ज्या तुकड्यावर हे कित्येक शतकांचं रान उभं आहे, त्याच्यापुढे महसुली भाषेतला एक शब्द: पोटखराब. लागवडीला निरुपयोगी.

प्लॉटवाले दोनदा येऊन गेले, असं मुलगा म्हणाला. डोंगराचा व्ह्यू आहे, धरण दिसतं, फार्महाऊसला चांगली जागा. व्यवहार झाला नाही, कारण यादीतल्या दोघांनी सही दिली नाही. एक देवीला भितो. दुसरा भावाशी बोलत नाही. आज ती राई या दोन गोष्टींवर उभी आहे.

पाणी आणि रोपं

हे सगळं आपल्याला, म्हणजे वाकडच्या बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यांना, का लागू होतं? पिंपरी-चिंचवड पवनेचं पाणी पितं. त्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. नळ इथे आणि डोंगर तिथे, हा हिशेब तेव्हापासून उघडा आहे. पाऊस धरून ठेवणारी माती त्या डोंगरावर जिथे जिथे उरली आहे, त्यात या राया येतात.

आपण इकडे झाडं लावत नाही असं नाही. कंपन्यांच्या आवारात आता 'मियावाकी' पद्धतीची दाट वनं दिसतात. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार देशी रोपं, दोन-तीन वर्षं पाणी, मग वन आपलं आपण वाढतं. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्या भागात मूळची झाडं कोणती, हे त्यांनी शोधलं ते जपानी देवळांभोवतीच्या जुन्या राखलेल्या रानांत. म्हणजे चाकणच्या कारखान्यात लागलेल्या त्या वनाची कल्पना जपानच्या देवराईतून आली. आपली स्वतःची तिथून दोन तासांवर आहे, आणि तिच्यापुढे पोटखराब लिहिलंय.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या 'ओरण' या देवरायांबद्दल निकाल देताना त्यांचं मोजमाप करून नकाशे करायला सांगितलं, आणि देशभरच्या अशा रानांसाठी केंद्राने धोरण आखावं अशी शिफारस केली. धोरण येईल तेव्हा येईल. नकाशा मात्र कुणीही सुरू करू शकतं. जीपीएस सगळ्यांच्या खिशात आहे. गट नंबर, हद्द, झरा कुठे, झाडं कोणती, राखणारं घर कोणतं, एवढं लिहून ग्रामसभेपुढे ठेवता येतं. गावाला नको असेल तर ऑनलाइन टाकायचंही नाही. त्या आजीच्या मुलाबरोबर आम्ही हे सुरू केलंय. हद्दीचे चार दगड त्याला माहीत होते, त्यातले तीन सापडले. नातवाला दिवाळीला चार दिवस सुट्टी आहे. चौथा दगड त्याने लहानपणी पाहिलाय म्हणे.