उसन्या गाण्यांची तालीम

कलेच्या प्रांतांत 'नक्कल' या शब्दाइतका झोंबणारा शब्द क्वचितच सांपडेल. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या जगांत हा शब्द ज्यांच्या वाट्यास नित्य येतो, तो वर्ग म्हणजे मद्यगृहांतून दुसऱ्यांचीं गाजलेलीं गाणीं वाजविणाऱ्या वादकांचा. यांस तिकडे 'कव्हर बँड' म्हणतात. शनिवारीं रात्रीं एखाद्या बारच्या कोपऱ्यांत चार-पांच तरुण गिटारी व ड्रम मांडून उभे राहतात. पेल्यांचा खणखणाट चालू असतो, कोणी ऐकतो, कोणी पाठ फिरवून गप्पा मारतो. आणि हे आपले पन्नास-साठ वर्षांपूर्वींचीं गाणीं मन लावून वाजवीत असतात. लंडनपासून मुंबई-पुण्यापर्यंत हें दृश्य आतां परिचयाचें झालें आहे. 'यांत यांचें स्वतःचें असें काय?' एवढें विचारून सुशिक्षित रसिक मान फिरवितो. हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं, असें आमचें मत आहे. आणि त्याचें उत्तर तर्कापेक्षां इतिहासांतच अधिक चांगलें सांपडतें.

१९६० च्या १७ ऑगस्ट रोजीं जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरांत, 'ग्रोसे फ्रायहाइट' या रस्त्यावरील 'इंद्रा' नामक लहानशा क्लबांत, इंग्लंडच्या लिव्हरपूल शहराहून आलेले पांच तरुण प्रथम वाजवावयास उभे राहिले. क्लबाचें नांव देवराजाचें असलें, तरी वस्ती मात्र खलाशांची, मद्याची आणि वेश्याव्यवसायाची होती. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, स्टुअर्ट सट्क्लिफ व पीट बेस्ट हे ते पांच जण. त्यांनीं आपल्या मंडळीस नुकतेंच 'बीटल्स' हें नांव दिलें होतें. करार असा कीं, दर माणशीं रोज तीस मार्क मिळावे, आणि त्यांनीं एरवीं रोज साडेचार तास व शनिवार-रविवारीं सहा तास वाजवावें. राहण्यास जागा मिळाली ती एका चित्रपटगृहाच्या पडद्यामागील बिनखिडकीच्या कोठड्यांत. वाजवितांना उत्साह ओसरला कीं मालक ओरडे, 'माख शाउ!' म्हणजे, 'तमाशा करून दाखवा!' पुढें त्याच मालकाच्या 'कायझरकेलर' या मोठ्या क्लबांत त्यांची बदली झाली. नोव्हेंबरांत हॅरिसनचें वय अवघें सतरा असल्याचें उघडकीस आलें आणि त्यास मायदेशीं परतावें लागलें. थोड्याच दिवसांत इतरांचाहि मुक्काम आटोपला. तरीहि ही मंडळी पुन्हां पुन्हां त्या शहरीं गेली. १९६२ च्या अखेरीपर्यंत त्यांच्या हॅम्बुर्ग येथील रात्रींची बेरीज पावणेतीनशेंच्या आसपास भरते.

या सर्व रात्रीं ते वाजवीत काय होते? बहुतेक दुसऱ्यांचींच गाणीं. चक बेरी, लिटल रिचर्ड, कार्ल पर्किन्स, रे चार्ल्स अशा अमेरिकन गायकांच्या तबकड्यांवरून कानानें उचललेलीं. लिव्हरपूलांत तासाभराचा कार्यक्रम असे. निवडक गाणीं घोटून बसविलीं कीं भागे. हॅम्बुर्गांत पहांटेपर्यंत तीं पुरणें शक्य नव्हतें. तेव्हां एक तर नवीं गाणीं शोधावयाचीं, नाहीं तर आहेत तींच लांबवावयाचीं, एवढेच मार्ग उरले. रे चार्ल्सचें १९५९ सालचें 'व्हॉट्ड आय से' हें गाणें ते कितीहि वेळ ताणीत. मौज अशी कीं, मूळ गायकानेंहि तें कार्यक्रमांतील उरलेला वेळ भरून काढण्यासाठींच प्रथम आयत्या वेळीं रचलें होतें. एकच चाल घोळवीत, लय चढवीत, उतरवीत, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून पुढचें वळण ठरवावयाचें, हें काम आपल्या ख्यालगायकास नवीन वाटणार नाहीं. आपल्याकडे शिष्य वर्षानुवर्षें गुरूचीच बंदिश गातो. त्यास कोणी चोरी म्हणत नाहीं, तालीम म्हणतात. या मुलांस गुरु नव्हता. त्याच्या जागीं तबकडी होती. आणि परीक्षक होता तो भाषा न समजणारा, थकलेला, मद्य प्यालेला खलाशी. त्यास शब्दांनीं जिंकणें शक्य नव्हतें; ताल आणि जोम यांनींच त्यास खुर्चींत बसवून ठेवावें लागे.

पुढें जगानें ज्यांस नवनिर्मितीचे आचार्य मानलें, ते त्या काळीं हिशेबानें पाहतां 'कव्हर बँड'च होते, हें आंकड्यांनींच सिद्ध होतें. १ जानेवारी १९६२ रोजीं लंडनच्या डेका कंपनींत त्यांची चांचणी झाली. तेथें त्यांनीं १५ गाणीं गाइलीं. त्यांपैकीं स्वरचित केवळ ३. कंपनीनें त्यांस नाकारलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर हॅम्बुर्गच्या 'स्टार-क्लब'मध्यें त्यांचें गाणें एका घरगुती यंत्रावर टिपून घेण्यांत आलें. तें १९७७ सालीं तबकडीरूपानें बाहेर पडलें. टिपलेल्या तीसांहून अधिक गाण्यांत त्यांचीं स्वतःचीं दोनच आढळतात. आणि एक गाणें तर क्लबाच्या वेटरनें गाइलेलें आहे! 'लव्ह मी डू' ही त्यांची स्वरचित तबकडी ऑक्टोबरांत निघाली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें महत्त्व कळतें. स्वतःचें नांव तबकडीवर छापून आल्यावरहि बारमधील त्यांचें काम बदललें नव्हतें.

मग स्वतःचीं गाणीं लिहिण्याची निकड कोठून आली? येथें प्रतिभेचा स्फोट वगैरे कल्पना करण्याचा मोह होतो. परंतु मॅकार्टनीनें नंतर दिलेलें कारण अगदीं व्यवहारी आहे. एकाच रात्रीं एकाच व्यासपीठावर अनेक मंडळ्या वाजवीत आणि सर्वांच्या पोतडींत तींच गाणीं असत. आपल्या आधींच्या मंडळीनें आपलें हुकमी गाणें वाजवून टाकलें, तर आपण काय करावें? प्रथम यांनीं तबकड्यांच्या मागल्या बाजूंवरील अपरिचित गाणीं हुडकलीं. तींहि इतरांच्या हातीं लागूं लागलीं, तेव्हां कोणासच आधीं वाजवितां येणार नाहीं असें गाणें म्हणजे स्वतः रचलेलें, हा शोध त्यांस लागला. निर्माता जॉर्ज मार्टिन यानें पहिल्या तबकडीसाठीं दुसऱ्या एका रचनाकाराचें गाणें पुढें केलें, त्या वेळीं या मुलांनीं तें गाऊन दिलें खरें, पण आग्रह धरला तो स्वतःच्याच गाण्याचा. नाकारलेलें तें गाणें १९६३ मध्यें लिव्हरपूलच्याच दुसऱ्या मंडळीनें गाऊन इंग्लंडांत पहिल्या क्रमांकास नेलें. म्हणजे यांचा आग्रह फायद्याचा हिशेब करून धरलेला नव्हता.

तालमीचें फळ ११ फेब्रुवारी १९६३ रोजीं दिसलें. लंडनमध्यें सकाळीं दहापासून रात्रीं अकराच्या सुमारापर्यंत, एका दिवसांत, त्यांनीं १० गाणीं मुद्रित केलीं. त्यांच्या त्या पहिल्या मोठ्या तबकडींत १४ गाणीं आहेत: ८ स्वतःचीं, ६ उसनीं. सर्दीनें बसलेल्या घशानें लेनननें शेवटीं गाइलेलें 'ट्विस्ट अँड शाउट' हें उसन्यांपैकींच होय. आणि त्या तबकडींतील सर्वांत जिवंत गाणें कोणतें असें विचारल्यास आम्ही त्याचेंच नांव घेऊं.

परंतु उसन्या गाण्याची ही बाजू सांगून थांबणें न्यायाचें होणार नाहीं. उसनें घेतलेलें परत करावयाचें असतें. १९५५ सालीं कृष्णवर्णीय लिटल रिचर्डनें 'टुटी फ्रुटी' हें गाणें मुद्रित केलें. लौकरच गौरवर्णीय पॅट बून यानें तें सभ्य, गुळगुळीत करून गाइलें, आणि १९५६ मध्यें विक्रीच्या सर्वसाधारण यादींत मूळ तबकडीच्या वर त्याची तबकडी गेली. १९०९ च्या अमेरिकन कायद्यानें, एकदां मुद्रित झालेलें गाणें रचनाकारास प्रतिप्रत दोन सेंट देऊन कोणासहि पुन्हां मुद्रित करण्याची मुभा दिली होती. मूळ गायकाचा गळा व ढंग यांस त्या कायद्यांत किंमत नव्हती. बीटल्स मंडळीनें आपले आदर्श कधीं लपविले नाहींत. मुलाखतींतून ते त्यांचीं नांवें आवर्जून घेत. तरीहि त्यांच्या त्या पहिल्या तबकडींतील 'अ‍ॅना' हें गाणें ज्यानें रचिलें व १९६२ सालीं प्रथम गाइलें, तो आर्थर अलेक्झांडर उत्तरायुष्यांत क्लीव्हलंड शहरीं पोटासाठीं बस चालवीत होता. १९९३ सालीं तो वारला. तोंडी कृतज्ञता खरी असली, तरी तेवढ्यानें ऋण फिटत नाहीं, हें या एका उदाहरणावरून दिसतें.

जुलै १९६४ मध्यें बीटल्सांची जी तबकडी निघाली, तींतील १३ हि गाणीं लेनन व मॅकार्टनी यांचीं होतीं. लोकांस तोच मानदंड वाटला, आणि स्वतः न रचणारी मंडळी दुय्यम ठरूं लागली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, अविश्रांत दौऱ्यांनीं थकलेल्या त्या चौघांनीं पुढील तबकडींत पुन्हां ६ उसनीं गाणीं घेतलीं, हें लोक विसरले. हॅम्बुर्गची शिदोरी तेव्हांहि कामास आली.

आज कोपऱ्यांतल्या बारमध्यें वाजविणाऱ्यांतून दुसरे बीटल्स निघतील, असा आमचा दावा नाहीं. हॅम्बुर्गांत वाजविलेल्या बहुतेक मंडळ्यांचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, 'यांत यांचें स्वतःचें काय?' हा प्रश्न त्या पांच मुलांस १९६० सालीं कोणी विचारला असता, तर त्यांच्यापाशींहि सांगण्याजोगें उत्तर नव्हतें. तेव्हां त्या वादकांस विचारावयाचेच असतील, तर निराळे प्रश्न विचारावे: गाणें नीट आत्मसात केलें आहे काय? ऐकणाऱ्यापर्यंत तें पोंचतें काय? आणि तें ज्याचें, त्याचें नांव घेतां काय? या तिन्ही प्रश्नांस ज्यांचें उत्तर होकारार्थी आहे, त्यांच्याकडे पाठ फिरवून बसणाऱ्या गिऱ्हाइकानें निदान एक गाणें तरी वळून ऐकावें.