शनवार तेली आणि उंडीचे झाड



कोकणात आपल्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत, हे आपण नातवंडांना अभिमानाने सांगतो. सांगताना सगळा जोर 'शनवार' या शब्दावर असतो. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली, ग्रंथ बुडाले, भाषा गेली, पण शब्बाथ राहिला, अशी आपली परंपरागत हकिकत आहे. 'तेली' हा शब्द मात्र आपण पटकन उरकतो. मुंबईत येऊन पलटणीत, कचेरीत, शाळेत, इस्पितळात नोकऱ्या लागल्या आणि घाणी हाकणारे पूर्वज सांगायला संकोच वाटू लागला. आज त्या दुसऱ्या शब्दाबद्दल आणि त्याच्याशी नाते असलेल्या एका रानझाडाबद्दल लिहिते.

झाडाचे नाव उंडी. संस्कृतात पुन्नाग, शास्त्रीय नाव कॅलोफायलम इनोफायलम. कोकण किनाऱ्यावर वाळूत, खाडीकाठी ते आपोआप उगवते. पाने जाड, चकचकीत, फुले पांढरी, मधे पिवळे केसर आणि वास गोड. फळ हिरवे, गोल, लहान लिंबाएवढे. वटवाघळे ते खाऊन बी दूर टाकतात. बी खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि लाटांबरोबर दुसऱ्या किनाऱ्याला जाऊन रुजते.

या बीचे तेल काढायला धीर लागतो. ताज्या गरातून तेल जवळजवळ निघतच नाही. कवच फोडून गर कित्येक आठवडे उन्हात वाळवला की तो तांबूस आणि चिकट होतो. अशा वाळल्या गरात निम्म्याहून अधिक तेल असते. घाणीत घातल्यावर हिरवट, घट्ट, उग्र वासाचे तेल येते. ते कडू असते, खाण्याचे नाही. पेंडही गुरांना घालत नाहीत, झाडांना खत म्हणून टाकतात.

कोकणात तेलाचे दोन भाग मानत. तीळ आणि खोबरे यांचे गोडे तेल स्वयंपाकाला. उंडी आणि करंज यांचे कडू तेल दिव्याला आणि अंगाला. होडीच्या फळ्या खाऱ्या पाण्यात टिकाव्यात म्हणून त्यांना उंडीचे तेल देत, आणि होडीसाठी लाकूडही याच झाडाचे वापरत. पुढे रॉकेल आले, मग वीज आली. कडू तेलाचे गिऱ्हाईक संपले आणि घाणीही थांबल्या.

सांधे धरले की हे तेल कोमट करून चोळत, खरजेवर लावत. पॅसिफिक बेटांवरही त्याचा असाच उपयोग होता. फिजीमध्ये कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर मेरी सुझान यांनी मज्जातंतूंच्या वेदनेवर हेच तेल वापरले. एक परिचारिका म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते. पण परिचारिका म्हणूनच सांगते, हे तेल पोटात घ्यायचे नाही. झाडाचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. काहींच्या कातडीला तेलाने पुरळ येते, म्हणून आधी थोडेसे लावून पाहावे. मधुमेह असलेल्याच्या पायाच्या जखमेवर तर कोणतेच घरगुती तेल नको, सरळ डॉक्टरांना दाखवा.

आता दिव्याकडे वळू. शब्बाथच्या दिव्यात कोणते तेल चालेल, यावर आपल्या धर्मशास्त्रात एक अख्खा अध्याय आहे. रब्बी तारफोन यांचे मत होते की फक्त ऑलिव्हचे तेल चालेल. त्यावर रब्बी योहानान बेन नुरी उठून उभे राहिले आणि म्हणाले, मग बाबेलच्या लोकांनी काय करावे? त्यांच्याकडे फक्त तिळाचे तेल आहे. एकेक देश आणि तिथले तेल त्यांनी मोजून दाखवले. प्रत्येक मुलखातले लोक आपल्या मातीतल्या तेलानेच दिवा लावणार, हा त्यांचा मुद्दा. कोकणातल्या आपल्या लोकांनी काचेच्या दिव्यात पाणी आणि वर खोबरेल घालून शब्बाथ उजळला, तो याच न्यायाने. तेव्हा सहा दिवस तेल गाळणे आणि सातव्या दिवशी घाणी थांबवून दिवा लावणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. तेली होते म्हणूनच शेजाऱ्यांना त्यांचा शनवार दिसला. शेतात एखादा दिवस न गेलेला माणूस कोणाच्या लक्षात येत नाही, पण ज्याच्याकडे गावाचे तेल असते त्याने दार लावले की सगळ्या गावाला कळते.

हे सुचायला निमित्त झाले ते कावासाकी. मुलीच्या घरी माझा मुक्काम इथे आहे. इथल्या दुकानात 'तामानू' नावाचे तेल चेहऱ्याला लावायला छोट्या बाटलीत मिळते. बूच उघडून वास घेतला आणि ओळखले, ही तर आपली उंडी! कावासाकीच्या थंडीत हे झाड उघड्यावर जगत नाही, पण जपानच्या दक्षिणेला ओकिनावात ते घरांभोवती वादळवारा अडवायला लावतात. जपानी नावाचा अर्थ चकाकत्या पानांचे झाड.

ओकिनावाची माणसेही कावासाकीत पुष्कळ आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या मुली इथल्या सूतगिरणीत मजुरीला आल्या. १९२३ च्या भूकंपात त्यांतल्या कित्येक गेल्या. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, इथल्या ओकिनावी लोकांनी आपले मंडळ स्थापन केले, ते आजही चालू आहे. गिरणीत राबायला आलो हे ते लपवत नाहीत. त्यांचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

आपल्यात हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून ठेवला, तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात मोठ्या गोष्टी आहेत. पण घाणी कोणत्या आळीत होती, बैल कोण हाकत असे, कडू तेल कोण घेऊन जाई, हे घराघरातल्या म्हाताऱ्यांकडेच होते, आणि ती माणसे आता मोजकी उरली आहेत. लोद, अश्दोद, दिमोना, लंडन, टोरांटो, कुठेही असा, घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर या शब्बाथला जेवण झाल्यावर विचारा. आडनावाचे गाव तुम्हाला ठाऊक असते. त्या गावात आपली घाणी कुठे होती ते विचारा. सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहा, अर्थात शनिवार मावळल्यावर.