ऑनर्स पदवी (वाणिज्य व व्यवस्थापन)

वाणिज्य किंवा व्यवस्थापन विद्याशाखेतील चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी. बी.कॉम. किंवा बीबीएची तीन वर्षे पूर्ण झाल्यावर त्याच मुख्य विषयाचा आणखी एक वर्ष सखोल अभ्यास केला, की ती मिळते. पदवीची ही घडण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मधून आली. नागपूर शहराच्या दक्षिण टोकावरील हुडकेश्वरसारख्या वस्त्यांतून मोठ्या संख्येने मुले-मुली वाणिज्य शाखेकडे वळतात. ‘चौथे वर्ष करायचे की नाही’ हा आता त्यांच्या घरातला प्रश्न झाला आहे.

पूर्वपीठिका : भारतातील महाविद्यालयीन वाणिज्य शिक्षणाचा पाया मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाने १९१३ मध्ये घातला. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. जमनालाल बजाज यांनी स्थापन केलेल्या शिक्षा मंडळाने वर्ध्यात १९४० मध्ये आणि नागपुरात १९४५ मध्ये गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. व्यापारी घरांपुरते असलेले हिशेबाचे ज्ञान त्यामुळे विदर्भातील सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचले. विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव देण्यात आले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाल्यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात राहिले.

दिल्ली आणि कोलकात्यात ‘बी.कॉम. ऑनर्स’ ही तीन वर्षांची पदवी फार पूर्वीपासून होती. महाराष्ट्रात मात्र साधी बी.कॉम. हीच रूढ होती. त्यामुळे जुन्या ‘ऑनर्स’ची आणि आजच्या चार वर्षांच्या ‘ऑनर्स’ची गल्लत होऊ देऊ नये.

रचना : विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा श्रेयांक (क्रेडिट) आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्रात एका सत्राला २२ श्रेयांकांपर्यंत मुभा असल्याने हे आकडे अनुक्रमे १३२ आणि १७६ पर्यंत जातात. वर्गातील १५ तासांना एक श्रेयांक मिळतो, तर प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रीय कामाच्या ३० तासांना एक. मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), खुले ऐच्छिक विषय, कौशल्य विषय, भारतीय ज्ञान परंपरा, प्रत्यक्ष कार्यानुभव आणि क्षेत्रप्रकल्प असे विषयांचे गट असतात. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. त्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते.

चौथ्या वर्षाला दोन वाटा आहेत. एक साधी ऑनर्स आणि दुसरी ‘संशोधनासह ऑनर्स’. दुसरीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण लागतात, आणि आयोगाच्या आराखड्यात तिच्या संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. शिक्षण मध्येच सोडावे लागले तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी मिळते. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडणाऱ्याला व्यावसायिक स्वरूपाचे चार जादा श्रेयांक पूर्ण करावे लागतात. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि कमावलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. वडिलांचे आजारपण किंवा घरची अडचण यामुळे शिक्षण तुटलेल्या मुलांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

प्रवेश : बी.कॉम.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. त्यांच्यासाठी राज्याचा सीईटी कक्ष वेगळी परीक्षा घेतो. तीत इंग्रजी, तर्कबुद्धी, सामान्य ज्ञान आणि संगणकाची मूलतत्त्वे हे घटक असतात. शहराच्या पूर्वेकडील वाठोडा येथे सिम्बायोसिस अभिमत विद्यापीठाचे संकुल आहे. तेथे बीबीएचा प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या ‘सेट’ परीक्षेतून होतो. फॉर्म भरण्याआधी महाविद्यालय संलग्न, स्वायत्त की अभिमत हे पाहून घ्यावे, कारण प्रवेशपद्धती, शुल्क आणि शिष्यवृत्ती यांचे नियम त्यावर ठरतात.

हुडकेश्वर आणि अभ्यासाचे क्षेत्र : पूर्वी ग्रामपंचायत असलेले हुडकेश्वर आता महापालिकेच्या हद्दीत आहे. मानेवाडा, म्हाळगीनगर, नरसाळा आणि बेसा हा त्याचा शेजार. मेट्रोच्या दोन मार्गिकांपैकी एकही येथून जात नाही. त्यामुळे सक्करदरा, सीताबर्डी किंवा अमरावती मार्गावरील महाविद्यालय गाठायला बस, ऑटो किंवा दुचाकी हाच आधार असतो. मात्र व्यवसायाचा अभ्यास करायला हाच परिसर उत्तम आहे. हुडकेश्वर मार्गावरील किराणा, औषधे, हार्डवेअर यांची दुकाने, कळमन्याची बाजार समिती, इतवारीचा घाऊक बाजार आणि बुटीबोरीची औद्योगिक वसाहत अशी व्यापाराची सगळी साखळी शहरात आणि त्याच्या आसपास पाहायला मिळते.

क्षेत्रप्रकल्प कसा असावा, याचा एक नमुना पाहू. समजा, एका किराणा दुकानात वर्षाला खरेदीभावाने ३६ लाख रुपयांचा माल विकला जातो आणि सरासरी साठा ३ लाखांचा असतो. म्हणजे माल वर्षातून १२ वेळा फिरतो आणि सरासरी महिनाभर फळीवर राहतो. उधारीही महिन्याने वसूल होते. इतवारीचा घाऊक व्यापारी मात्र १५ दिवसांतच पैसे मागतो. साठ्याचे ३० आणि उधारीचे ३० दिवस मिळवून त्यातून १५ वजा केले, तर उधारीवर गेलेल्या मालात दुकानदाराचा पैसा ४५ दिवस अडकलेला दिसतो. दुकान नफ्यात असूनही गल्ला रिकामा का, याचे उत्तर या आकड्यात आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत हा हिशेब करता यायला हवा. ऑनर्सच्या विद्यार्थ्याने याच्या पुढे जायचे असते. वीस-पंचवीस दुकानांची अशीच माहिती गोळा करावी, डिजिटल पेमेंटमुळे उधारी घटली का हे तपासावे आणि निष्कर्ष पुराव्यानिशी मांडावा.

उपयोग : ऑनर्सनंतर एम.कॉम.सारखी पदव्युत्तर पदवी एका वर्षात पूर्ण करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार, चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी. प्रवेशासाठी पात्रता मिळते. पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचे शिक्षण मागणाऱ्या परदेशी विद्यापीठांतही ही पदवी उपयोगी पडते. बँकांच्या परीक्षा, लोकसेवा आयोग आणि एमबीए यांसाठी मात्र तीन वर्षांची पदवी पुरते. सनदी लेखापाल व्हायचे असेल, तर वाणिज्य पदवीत ५५ टक्के गुण मिळवणाऱ्याला इंटरमिजिएट स्तरावर थेट नोंदणी करता येते. त्यासाठीही चौथ्या वर्षाची गरज नाही.

मूल्यमापन : अध्यापन, संशोधन किंवा परदेशी शिक्षण हे ध्येय असेल, तर ऑनर्सचे चौथे वर्ष जरूर करावे. नोकरी, स्पर्धा परीक्षा किंवा सीए हे ध्येय असेल, तर तेच वर्ष आणि तोच पैसा त्या तयारीला द्यावा. तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवी आहे आणि तिच्यावर थांबण्यात कोणताही कमीपणा नाही. ‘संशोधनासह ऑनर्स’साठीची ७५ टक्क्यांची अट पहिल्या सहाही सत्रांच्या गुणांवर ठरते. म्हणून हा निर्णय शेवटच्या निकालापर्यंत लांबवू नये. दुसरे वर्ष संपण्याआधी आई-वडिलांशी आणि विषयाच्या प्राध्यापकांशी बोलून तो घ्यावा.