दौलतखान : शिवरायांच्या आरमाराचे सरदार

शिवजयंती जवळ आली की मोबाइलवर एक यादी फिरू लागते. महाराजांकडच्या मुस्लिम सरदारांची. कुणी दहा नावं लिहितो, कुणी तीस, आणि आकडा दरवर्षी वाढतच जातो. आळंदीत आमच्या वर्गात एका मुलाने ही यादी वाचून दाखवली, तेव्हा शेजारच्याने विचारलं, "सर, याला पुरावा काय?" प्रश्न अगदी रास्त होता. यादीतल्या सगळ्याच नावांची हमी आम्ही घेत नाही. पण दौलतखान हे नाव खुद्द महाराजांच्या पत्रात आहे आणि शत्रूच्या कागदांतही आहे.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. समोर जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि पुढे मुंबईचे इंग्रज. दर्यावर चालणारी माणसं किनाऱ्यावरच मिळणार होती : कोळी, भंडारी, दालदी मुसलमान. सभासदाच्या बखरीत आरमाराचे सुभेदार म्हणून दर्यासारंग हा मुसलमान आणि मायनाक भंडारी यांची नावं येतात. दर्यासारंग हा खरं तर किताब. त्यामुळे दौलतखान आणि दर्यासारंग हे एकच, असं पुष्कळ जण समजतात. ते चूक आहे, कारण महाराजांच्या पत्रात दोघांची नावं वेगवेगळी आहेत.

हे पत्र जानेवारी १६७५ चं. प्रभावळीचा (आजचा रत्नागिरी जिल्हा) सुभेदार जिवाजी विनायक याला ते लिहिलेलं आहे. जंजिऱ्यासमोर महाराजांनी पद्मदुर्ग उभारायला घेतला होता आणि त्याच्या पाठीशी आरमार ठेवायचं होतं. त्यासाठी दौलतखान आणि दर्यासारंग यांना पैसा व धान्य द्यावं, अशा वराता मोरोपंत पेशव्यांनी प्रभावळीवर काढल्या. वरात म्हणजे आजच्या भाषेत सरकारी पैसे देण्याचा हुकूम. जिवाजीने काहीच दिलं नाही. महाराज भडकले. तुम्ही सिद्दीकडून काही घेतलं असावं, त्याचे चाकर झाला असाल, असं त्याला सरळ सुनावलं आणि ब्राह्मण म्हणून कुणी गय करणार नाही, हेही स्पष्ट लिहिलं. दौलतखान यांची बाजू यापेक्षा ठामपणे कोण मांडणार? आमच्या मते तीस नावांच्या यादीपेक्षा हे एक पत्र जास्त वजनाचं आहे. शिवाय ज्याच्याशी लढायचं तो सिद्दीही मुसलमानच होता, हेही मुलांना सांगायला हवं. ही लढाई राज्याची होती.

त्याआधी मार्च १६७४ मध्ये रत्नागिरी किनाऱ्यावरच्या सातवलीच्या खाडीत सिद्दी संबळने दौलतखान यांच्या जहाजांवर हल्ला केला होता. दोन्ही सरदार जखमी झाले, माघार मात्र सिद्दीला घ्यावी लागली.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्रसंग खांदेरीचा. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी माणसं आणि दगड-चुना घेऊन थळसमोरच्या या बेटावर उतरले आणि तट बांधू लागले. मुंबईच्या तोंडाशी किल्ला! इंग्रजांनी जहाजांचा वेढा घातला. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखान पन्नासहून जास्त जहाजं घेऊन नागावच्या बाजूने इंग्रजांवर चालून गेले. 'डोव्हर' नावाची गुराब आपल्या हाती लागली, बाकीची इंग्रजी जहाजं पांगली. 'रिव्हेंज' हे एकच मोठं लढाऊ जहाज टिकून राहिलं आणि त्याच्या तोफांनी आपली काही गलबतं बुडाली. दौलतखान नागावला परतले. त्या दिवसाचा निकाल इंग्रज आपल्या बाजूने सांगतात आणि तसं म्हणायला जागाही आहे.

पण पुढे काय झालं ते पाहा. मराठ्यांची गलबतं हलकी, वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की इंग्रजांची शिडांची जहाजं जागच्या जागी उभी, आणि ही उथळ पाण्यातून रात्रीतच बेटावर रसद पोचवून परत. वेढा असूनही तट चढत गेला. सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला आणि जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारचं उंदेरी बेट धरलं. दौलतखान यांनी किनाऱ्यावर तोफा चढवून उंदेरीवर मारा केला. त्या चकमकींत त्यांच्या पायाला जखम झाली. उंदेरी सिद्दीकडेच राहिली, पण इंग्रजांनी तह करून जहाजं मागे घेतली आणि खांदेरी स्वराज्यात राहिली. ३ एप्रिलला महाराज गेले.

२०१९ मध्ये नौदलाच्या ताफ्यात आलेल्या पाणबुडीचं नाव 'आयएनएस खांदेरी' आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातही खांदेरी आहे. मुलांना दाखवायचा असेल तर पावसाळा संपल्यावर, समुद्र शांत असताना थळच्या बाजूने होडीने जावं. लोखंडी गाड्यांवरच्या जुन्या तोफा तटावर अजून उभ्या आहेत.