माहिती साक्षरता : महाविद्यालयीन ग्रंथपालाचे अध्यापन

आपल्याला कोणती माहिती हवी आहे हे ठरवणे, ती शोधणे, पारखणे आणि मूळ लेखकाला श्रेय देऊन वापरणे, या कौशल्यांना मिळून माहिती साक्षरता म्हणतात. ही संज्ञा अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये रूढ केली. पदवीच्या वर्गांत हे काम ग्रंथपालांनी त्याआधीच हाती घेतले होते.

डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील मॉन्टीथ महाविद्यालयात पॅट्रिशिया नॅप यांनी १९६० नंतर ग्रंथालयाचा वापर अभ्यासक्रमातच गुंफून पाहिला. इंडियानातील अर्लहॅम या क्वेकर ख्रिस्ती पंथाच्या लहानशा महाविद्यालयात इव्हान फार्बर (ग्रंथपाल, १९६२–९४) यांनी अशा अध्यापनाची घडी बसवली. प्राध्यापकांनी निबंधाचा विषय दिला की ग्रंथपाल त्याच वर्गात जाऊन त्याच विषयाची साधने उलगडून दाखवत : आधी विषयकोशातील नोंद, मग तिच्या शेवटची संदर्भसूची, नियतकालिकांच्या सूची आणि अखेर मूळ लेख. निबंध लिहायचाच असल्याने विद्यार्थी कान देऊन ऐकत. या पद्धतीचे सारे बळ प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांच्या जोडीत आहे. वर्षारंभी कपाटे आणि देवघेव खिडकी दाखवण्याला माहिती साक्षरता म्हणता येत नाही.

अमेरिकन महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने २००० मध्ये या कौशल्यांची मानके ठरवली. २०१६ मध्ये ती मागे घेऊन सहा मूलभूत संकल्पनांची चौकट स्वीकारली. इंटरनेटमुळे पारख करणे अधिक अवघड झाले आहे. संकेतस्थळांची पारख लोक कशी करतात यावरील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पदवीचे २५ विद्यार्थी होते. अनेक विद्यार्थी, आणि इतिहासकारही, संकेतस्थळाच्या रूपाला भुलले. तपासनीस मात्र लगेच दुसरी पाने उघडून ते स्थळ चालवते कोण, हे पाहत. ही सवय शिकवता येते आणि ग्रंथपालाने ती अवश्य शिकवावी.

भारतात इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळे केंद्राच्या एन-लिस्ट योजनेमुळे महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-पुस्तके मिळतात. पण विद्यार्थ्याला लॉगिन देणे ही केवळ सुरुवात होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत ग्रंथपालांची पात्रता अध्यापकांबरोबरच ठरवलेली आहे. वेळापत्रकातही त्यांना हक्काचा तास हवा. राज्यशास्त्राच्या वर्गाला पंचायत राजवर प्रकल्प असेल, तर ७३व्या घटनादुरुस्तीचा मूळ मजकूर, जनगणनेचे तक्ते आणि वृत्तपत्रातील लेख यांतील कशाच्या आधारे काय म्हणता येते, हे त्या तासाला शिकवता येईल.